दात काढला कराडला, हाड उघडं पडलं कुवेतला

शेवट आधीच सांगून टाकते. माझा जबडा शाबूत आहे. हे वाचणारं कुणी आत्ता गालावर हात ठेवून बसलं असेल, तर त्याने उगाच धाकधूक करत वाचू नये. मी गणिताची शिक्षिका आहे. उत्तर मागच्या पानावर छापलेलं असलं तरी पायऱ्या मांडाव्याच लागतात, एवढं मला कळतं. त्या पायऱ्या आता सांगते.

युद्ध संपून कुवेतमध्ये पुन्हा नोकरभरती सुरू झाली तेव्हा आम्ही तिकडे गेलो. माझे यजमान तेलाच्या पट्ट्यात इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन, मी एका भारतीय शाळेत, आणि मुलगी मृण्मयी माझ्याच शाळेत. घर मंगफ नावाच्या उपनगरात. माझा आवाज तिसऱ्या मजल्यावरून खालच्या बकाल्यापर्यंत, म्हणजे किराणा दुकानापर्यंत जायचा. दही संपलंय हे दुकानदाराला फोन न करता कळायचं, असं हे म्हणायचे. नवऱ्याचा उल्लेख मी आयुष्यभर ‘हे’ असाच केला. इथेही तोच राहू द्या.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मला स्तनाचा कॅन्सर झाला. ऑपरेशन, केमो, केस जाणं, केस येणं, सगळं कुवेतमध्येच झालं. त्यावर पुष्कळ जणींनी लिहिलंय, मी लिहीत नाही. काही वर्षांनी तो परत आला आणि कमरेच्या मणक्यात जाऊन बसला. तेव्हा माझ्या कॅन्सरच्या डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या आणि सोबत दर महिन्याला हाडं बळकट करणारी एक ड्रिप सुरू केली.

त्या ड्रिपचे माझ्यावर उपकार आहेत. आधी मी वर्गात टेबलाला रेलून शिकवायचे, ड्रिपनंतर फळ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरू लागले. वॉर्डातली मल्याळी सिस्टर लिसी बाटली लावताना म्हणायची, “मॅडम, बोन का टॉनिक आ गया.” मीही तेच धरून चालले. गोळ्या म्हणजे औषध, ड्रिप म्हणजे कमरेला घातलेलं खत.

सुट्टीतली कामं

कुवेतमधल्या मराठी घरांत एक अलिखित नियम होता. दाताचं काम सुट्टीत, गावी. ऑक्टोबरात दात दुखू लागला तरी लवंगतेलाचा बोळा ठेवून जुलैची वाट बघायची. का, तर तिकडे आपला माणूस असतो, भाषा आपली असते, आणि सगळ्यांनी तसंच केलेलं असतं. मग त्या एका महिन्यात बँकेतली सही, चष्म्याचा नंबर, दोन लग्नं, एक बारसं आणि सगळ्या घराचे दात, असं सगळं कोंबायचं. कंबर कुवेतला ठेवायची आणि दात कराडला न्यायचे, अशी शरीराची वाटणीच आम्ही करून टाकली होती.

कराडचा आमचा माणूस म्हणजे दिलीपभाऊजी, ह्यांचे चुलतभाऊ. दातांचे डॉक्टर, हात अतिशय हलका. आमच्या घराण्यात असं एकही तोंड नाही ज्यात भाऊजींनी डोकावलेलं नाही.

त्या वर्षी माझी खालची डावी दाढ हलत होती. भाऊजींनी दिवा वळवून बघितलं आणि म्हणाले, “वहिनी, हिचं काही राहिलेलं नाही. काढून टाकतो. केमो वगैरे आता काही चालू नाही ना?”

“कधीच संपली,” मी म्हटलं. ते खरंच होतं.

ड्रिपचा विषय निघाला नाही. त्यांना विचारावंसं वाटलं नाही आणि मला सांगावंसं वाटलं नाही, कारण दाढेचा आणि कमरेच्या ड्रिपचा काही संबंध असेल हे तेव्हा आम्हा दोघांच्या स्वप्नातही नव्हतं. पानसुपारी खाऊन होईस्तोवर दाढ निघाली. संध्याकाळी मी त्यांच्याकडेच आईस्क्रीम खाल्लं आणि आठवड्याने विमानात बसले.

जिभेला लागलेली गोष्ट

कुवेतमध्ये आमचा गणपती घरातल्या घरात, दार लावून, बेताच्या आवाजात असतो. त्या वर्षी आरती म्हणताना माझी जीभ दाढेच्या रिकाम्या जागी गेली आणि तिला काहीतरी टोचलं. तांदळात खडा लागावा तसं. वाटलं, मुळाचा तुकडा राहिला असेल. भाऊजींना फोन केला. ते म्हणाले, “मूळ राहिलेलं नाही वहिनी, मी दाढ पुरती बघितली होती. मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करा, भरून येईल.”

जखम भरून आली नाही. आरशात बघितलं तर हिरडीच्या मधोमध पिवळट पांढरं हाड दिसत होतं. गंमत म्हणजे ते दुखत नव्हतं. गणितात उत्तर फार सोपं आलं की मी मुलांना पुन्हा तपासायला लावते, तसं मला तेव्हा वाटायला हवं होतं. घराजवळच्या एका दवाखान्यात दाखवलं. त्यांनी ताजं रक्त येईपर्यंत हाड खरवडलं, टाके घातले आणि आता भरेल म्हणाले. आठवड्यात टाके सुटले, उघडा भाग वाढला, आणि मग मात्र दुखायलाही लागलं. पू आला, गाल सुजला, खालच्या ओठाची डावी बाजू बधिर झाली. चहा पिताना घोट ओघळतोय हे मला मृण्मयीने सांगितल्यावर कळायचं.

आणि वास. याबद्दल कुणी बोलत नाही म्हणून मी मुद्दाम बोलते. तोंडाला असा वास येऊ लागला की माझा मलाच सहन होईना. मी वर्गात पहिल्या बाकापासून लांब उभी राहू लागले. वह्या तपासताना मुलांना जवळ बोलावणं बंद केलं. घरात हे बोलताना मान वळवायचे नाहीत, मुद्दाम जवळ बसायचे, आणि त्यांचा तो मुद्दामपणा मला कळायचा. मी त्यांच्यावर उगाच खेकसले, “लांब बसा ना जरा!” ते गॅलरीत जाऊन उभे राहिले. त्या दिवशी स्वयंपाकघरात मी खूप रडले.

डॉक्टर हिशाम

शेवटी सरकारी हॉस्पिटलमधल्या जबड्याच्या सर्जनकडे पाठवलं. डॉक्टर हिशाम, मूळचे इजिप्तचे. थोराड अंगाचे, आवाज मऊ, आणि इजिप्शियन लोकांसारखं ‘प’च्या जागी ‘ब’ बोलणारे. मला ते ‘बेशंट’ म्हणायचे.

त्यांनी कोणकोणती औषधं चालू आहेत ते विचारलं. मी गोळ्यांची नावं घडाघडा सांगितली.

“आणखी काही?”

“नो.”

“महिन्याला एखादं इंजेक्शन? सलाइन?”

“ओह, दॅट बोन ड्रिप. दॅट इज टॉनिक.”

ते माझ्या तोंडाकडे बघत होते, ते थांबून माझ्याकडे बघू लागले. मग स्टूल ओढून माझ्या अगदी जवळ बसले, वासाची पर्वा न करता, आणि समजावून सांगू लागले. हाडात दोन प्रकारचे गवंडी असतात. एक जुनं पाडणारे, एक नवं बांधणारे. कॅन्सर पाडणाऱ्यांना पिसाळवतो, म्हणून ही ड्रिप त्यांना झोपवते. मणका वाचतो तो त्यामुळेच. पण दाढ काढली की तिथलं जुनं साफ करून नवं बांधावं लागतं, आणि पाडणारेच झोपलेले असले तर काम सुरूच होत नाही. तिथलं हाड मग तसंच उघडं पडतं आणि मरतं.

“मरतं?” मी विचारलं.

“हा तुकडा मेलेला आहे, मॅडम. तुम्ही नाही.”

असे पेशंट त्यांनी स्वतः मोजकेच पाहिले होते. डॉक्टरांच्या मासिकांत याबद्दल नुकतंच छापून येऊ लागलं होतं. सगळ्यांना होत नाही, माझ्यासारख्या दर महिन्याला ड्रिप घेणाऱ्यांना धोका जास्त, एवढं ते खात्रीने सांगू शकत होते. पुढे काय होईल ते नाही. माहीत नाही, असं तोंडावर सांगणारा डॉक्टर मला तेव्हा पहिल्यांदा भेटला आणि मी त्यांच्यावर विश्वास ठेवला.

त्यांनी ड्रिप थांबवायला सांगितलं. डॉक्टरीणबाई तयार झाल्या. जबडा सांभाळायला जावं आणि मणका ढासळावा, हे भय पुढचे कित्येक महिने अंथरुणातून उठताना रोज असायचं. पाय जमिनीवर टेकवून मी आधी कमरेला विचारायचे, आहेस ना?

रमजानमधली गुळणी

तपासण्यांचे ते दिवस रमजानचे होते. मला दर थोड्या वेळाने औषधाच्या गुळण्या करायच्या, आणि बाहेर सगळ्यांसमोर पाण्याचा थेंबही तोंडात घ्यायचा नाही. हॉस्पिटलमध्ये मी पेला ओढणीखाली लपवून बायकांच्या बाथरूमकडे जायचे. दारू प्यायला चाललेय असं वाटायचं मला.

एकदा परत येऊन बसले तर शेजारच्या म्हाताऱ्या कुवेती बाईने पिशवीतून अत्तराची कुपी काढली आणि न विचारता माझ्या ओढणीच्या टोकाला लावली. माझं डोकं सणकलं. हिला वास आला, आणि ही मला ते दाखवून देते आहे! मी उठणार, तोच तिने तोंडावरचं कापड क्षणभर खाली घेतलं. एका बाजूला जबडाच नव्हता. गाल आत गेलेला, हनुवटी कलती. ती काहीतरी बोलली. मला एक शब्द कळला नाही, आणि तो अरबी असल्यामुळे कळला नाही की जबडा नसल्यामुळे, हेही कळलं नाही. तिच्याबरोबरची सून इंग्रजीत म्हणाली, “शी सेज, पुट परफ्यूम अँड गो आउट. डोन्ट सिट ॲट होम.”

मी तिचा हात धरला. मला तिची दया आली नाही, मला माझी भीती वाटली, हे खरं ते सांगते. मरणाच्या भीतीशी माझी जुनी ओळख होती, तिची सवय झाली होती. ही भीती वेगळी होती. आपण बोलत राहू आणि समोरच्याला कळणार नाही, वर्गात पस्तीस पोरं माझ्या तोंडाकडे बघतील आणि त्यांना गणित दिसणार नाही, तोंड दिसेल, ही भीती होती. तरी दुसऱ्या दिवसापासून मी ओढणीला अत्तर लावून शाळेत जाऊ लागले.

कापायचं की थांबायचं

इकडे कराडला भाऊजींची झोप उडाली होती. त्यांनी माझे एक्स-रे मागवून घेतले, पुण्यातल्या एका मोठ्या सर्जनना दाखवले. त्यांचं मत पडलं की खराब झालेला जबड्याचा भाग कापून काढावा आणि धातूची पट्टी बसवावी. भाऊजी रोज फोन करू लागले. “वहिनी, तुम्ही तिकीट काढा. बाकी सगळं मी बघतो. एकदाच काय तो निकाल लावून टाकू.”

ह्यांनाही तेच पटू लागलं. ह्यांचा स्वभाव टेक्निशियनचा, बिघडलेला भाग बदलायचा. “नुसतं थांबायचं म्हणजे काय उपचार झाला का?” ते म्हणायचे. “रोज कुजतंय ते बघत बसायचं?”

“तुमचं नाही, माझं तोंड आहे,” मी म्हणायचे.

“म्हणूनच सांगतोय!”

असं आमचं जेवताना चालायचं. म्हणजे ते जेवायचे आणि मी मऊ भात चिवडत बसायचे. एकदा मृण्मयीने ताट सरकवलं आणि ओरडली, “व्हाय डोन्ट यू मेक द टू डॉक्टर्स टॉक? तुम्ही दोघं नुसते भांडता!”

माझी कंबर एका देशात आणि दात दुसऱ्यात, पण त्या दोन देशांतल्या डॉक्टरांनी एकमेकांशी बोलावं हे आमच्यापैकी कुणालाही सुचलं नव्हतं.

पुढच्या तपासणीला मी डॉक्टर हिशामांच्या खोलीतूनच कराडला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. हे माझ्या डाव्या बाजूला, मृण्मयी उजव्या. भाऊजींचं इंग्रजी कराडी, डॉक्टरांचं कैरोचं. पहिली काही मिनिटं दोघेही एकमेकांना फक्त ‘सर, सर’ म्हणत होते. मृण्मयी मधे पडून इकडचं तिकडे करत होती.

भाऊजींनी कापण्याची बाजू मांडली. डॉक्टर हिशामांनी ती पूर्ण ऐकून घेतली. मग म्हणाले, “सर, मी कापायला तयार आहे. मला फक्त एक सांगा, कुठे थांबू? हिच्या सगळ्या हाडांनी तेच औषध प्यायलंय. आज मी जिथे कापीन ती नवी कड उद्या मेलेली निघाली तर? मग आणखी पुढे कापू? खरवडलं तेव्हा वाढलंच ना?”



“मेलेलं हाड शरीराला नको असतं,” डॉक्टर पुढे म्हणाले. “जंतू काबूत ठेवू, तोंड स्वच्छ ठेवू, टोचणारी कड घासून देऊ. जबडाच मोडला किंवा जंतू आवरेनात, तर मीच कापीन. नाहीतर थांबू. शुवय्या शुवय्या.” म्हणजे सावकाश.

मग भाऊजींनी जे विचारलं त्याचा उपचाराशी काही संबंध नव्हता. “सर, दात मी काढला. हे माझ्यामुळे झालं का?”

मृण्मयीने भाषांतर केलं नाही. करायची गरज नव्हती. डॉक्टर हिशाम फोनच्या जवळ झुकले. “माय ब्रदर, तो दात माझ्याकडे आला असता तर मीही काढला असता. तेव्हा मलाही माहीत नव्हतं.”

हे उठून खिडकीशी गेले. परत आले तेव्हा मला म्हणाले, “तुला काय करायचंय?”

“थांबायचंय,” मी म्हटलं. पुढे मी कितीदा तरी घाबरले, पण तो निर्णय एकदाही बदलावासा वाटला नाही.

थांबण्याचं काम

थांबणं म्हणजे नुसतं बसणं असं ह्यांना वाटत होतं. ते किती कष्टाचं काम आहे ते त्यांनीच पुढे पाहिलं. सकाळ-संध्याकाळ गुळण्या, मऊ ब्रश, आणि सूज आली की अँटिबायोटिक. ह्यांनी मिक्सरवर हात बसवला. पालकाची पातळ भाजी, मुगाचं गरगट, शिजवून घोटलेलं चिकन. एकदा त्यांनी पुरणपोळी दुधात भिजवून मिक्सरमधून काढली. दिसायला ती भिंतीला लावायच्या लांबीसारखी होती. मी पेलाभर प्यायले आणि पुन्हा मागितली.

दोनदा जंतूंनी उचल खाल्ली, दोन्ही वेळा हॉस्पिटलात राहावं लागलं. दुसऱ्या खेपेला मी पार खचले. वाटलं, भाऊजींचं ऐकलं असतं तर एव्हाना सुटले असते. डॉक्टर हिशाम रोज येऊन चिमट्याने हाड हलवून बघायचे. हललं नाही की म्हणायचे, “अजून नाही.” त्या उन्हाळ्यात आम्ही गावी गेलो नाही. मंगफमधली सगळी मराठी घरं कुलपं लावून गेली, आणि आम्ही तिघं एसीच्या घरघरीत पत्ते खेळलो. ती सुट्टी मृण्मयीला अजून आवडीने आठवते.

ओठाची बधिरता हळूहळू कमी झाली. थंडी पडू लागली तेव्हा एक दिवस शिकवताना जिभेला तो तुकडा हलल्यासारखा वाटला. मी फळ्याकडे तोंड करून पुन्हा जीभ लावली. हलत होता.

डॉक्टर हिशामांनी चिमटा लावला आणि न ओढता, नुसता उचलावा तसा तो बाहेर काढला. मेलेल्या हाडाचा करड्या रंगाचा तुकडा, शेंगदाण्याएवढा. त्या जागेवर त्यांनी दिवा धरला. आरशात मला गुलाबी, कोवळी हिरडी दिसली. हाड आतल्या आत सुटत असताना तिने खालून वाट भरत आणली होती. “हमदिल्ला,” म्हणजे देवाची कृपा, असं डॉक्टर म्हणाले, आणि डोळे पुसायला चष्मा काढला. हे त्यांना मिठी मारून रडले. तिथली सिस्टर हसायला लागली.

ज्यांना हे चालू आहे त्यांच्यासाठी

ड्रिप वाईट नाही. तिनेच मला उभं केलं. काही काळाने डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांशी बोलून ती पुन्हा सुरू केली, मधे जास्त दिवसांचं अंतर ठेवून, आणि मी घेतली. पण हाडांचं औषध सुरू करण्याआधी दात दाखवून घ्या, काढायचे ते आधी काढा. सुरू झाल्यावर कुणी तुमच्या तोंडात हत्यार घालणार असेल तर त्या औषधाचं नाव आधी सांगा, तो घरचा माणूस असला तर दोनदा सांगा. आणि दात गावी न्यायचे असतील तर कंबरही बरोबर न्या. वासाची लाज वाटेल. वाटू द्या, आणि बाहेर पडा. ओढणीला अत्तर लावायला लाजू नका.

तुकडा निघाला त्या संध्याकाळी मी कराडला फोन केला. भाऊजींनी उचलला. मी सगळं सांगितलं, हिरडी कशी दिसते, किती भरली, सगळं. पलीकडून फक्त श्वास ऐकू येत होता.

“भाऊजी, आहात ना?”

“वहिनी,” ते म्हणाले, “मला तुमचं तोंड बघता येत नाहीये. जरा बोला. ‘स’, ‘च’, सगळं येतंय का ते मला ऐकू द्या. पाढा म्हणा एखादा.”

चाळिशी उलटलेला दातांचा डॉक्टर मला पाढा म्हणायला लावत होता. मी खुर्चीत सरळ बसले आणि वर्गातल्या आवाजात सुरू केला. एकोणीस एके एकोणीस, एकोणीस दुणे अडतीस, एकोणीस त्रिक सत्तावन्न. एकोणीस चोक शहात्तर म्हटलं तेव्हा तिकडे भाऊजी हमसून रडत होते. मी थांबले.

“थांबू नका वहिनी,” ते म्हणाले, “पुढे म्हणा.”

मी पुढे म्हटला, दहापर्यंत, खालच्या दुकानात ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.